मौजे उघाडी : एका पानात

वॉर्ड ऑफिसातून कागद आलाय.
गावाची माहिती द्यावी : भूगोल, इतिहास, लोकजीवन.
एका पानात. अक्षर सुवाच्य.
वर माझं नाव चुकवलंय, जोमा मढवीचा सोमा केलाय.
एकवीस वर्षं ग्रामपंचायतीचा शिपाई होतो.
पंचायत गेली, किल्ल्या माझ्याकडे राहिल्या,
म्हणून मला विचारतात.

पूर्वेला पारसिकचा डोंगर. हे अजून खरं आहे.
पश्चिमेला खाडी. हेही खरं, पण ती बघायला
दोन सोसायट्यांच्या वॉचमनना
आपण कोण ते सांगावं लागतं.
दक्षिणेला सेक्टर अठरा, उत्तरेला सेक्टर वीस.
मधला एकोणीस आम्हीच असणार,
पण पाटीवर लिहिलंय ‘गावठाण’,
जसं भांड्यावर कोरतात
कुणाच्या लग्नात मिळालं ते.

नाव का पडलं, असाही रकाना आहे.
बांधाला सागाच्या फळ्यांची उघाडी होती.
उधाणाला उघडायची, कोंड्या भरल्या की पाडायची.
फळी ओढायला दोन माणसं आणि एक शिवी लागे.
शिवी इथे लिहीत नाही.

बांध कुणी घातला यावर एकमत नाही.
देवळात बसणारे म्हणतात, फिरंग्यांनी.
पदीबाई केणी म्हणते,
“मानसांनी. आनि कोन घालील?”
मिठाच्या पाट्या वाहून तिच्या टाळूला खळगा पडलाय,
न्हायच्या दिवशी तेल आधी तिथे साठतं.

सत्तर साली नोटीस आली.
वाचता येणारे तिघं होते,
तिघांनी तीन अर्थ सांगितले.
चौथा खरा निघाला.

लोकजीवन.
हा शब्द मी तोंडाने कधी उच्चारलेला नाही.
चिखलात कोपरापर्यंत हात घालून
पोरं निवट्या काढायची, ते लोकजीवन का?
की हसुरामच्या चार मजल्यांतले एकवीस भाडेकरू,
आणि गच्चीवर वाळत घातलेला जवळा,
ज्याच्या वासाची मागच्या टॉवरमधून तक्रार येते?
गावदेवीची जत्रा चैत्रात असते.
तारीख हल्ली पार्किंग बघून ठरते.

इथवर लिहिलं आणि अडलो.

रात्री साडेबाराला भाच्याचा फोन.
देवेन बोटीवर फिटर आहे.
मेक्सिको, मांझानियो बंदर, तिथे भर दुपार.
“मामा, हितं पन मिठागरा हान!
फावडा पन आपलासाच, दांडा तेवढा लांब.”
तिथे एक म्हातारा भेटला म्हणाला, एउसेबियो.
याची भाषा त्याला नाही, त्याची याला नाही.
कुठला तू, हे मात्र दोघांना कळलं.
म्हाताऱ्याने मिठाच्या ढिगावर बोटाने
आपलं गाव काढलं : डोंगर, पाणी, चर्च,
मग एक विहीर,
आणि बोट कितीतरी वेळ विहिरीतच ठेवलं.
देवेनने शेजारी आपलं काढायला घेतलं.
“मामा, मना शालंचा कोपरा आठवना.
शाला देवलाच्या हिकडं का तिकडं?”

तिकडं, म्हणालो. तिकडं रे.
फोन कटला तरी मी उभाच.
मग कागद सारला, परातीत जाडं मीठ पसरलं.
डोंगर. बांध. उघाडी.
शाळा पिंपरीखाली, दार खाडीकडे,
म्हणून मास्तर पाठमोरे आणि आम्ही पाणी बघत.
गोमाच्या दारातून बोट आपोआप वाकलं,
तिथे कुत्रं बांधलेलं असे.
घरं मोजली, छत्तीस.
पाडलेली धरून.

सकाळी बायकोने जिताडा आणला होता.
काही विचारलं नाही तिने.
शाळा उचलली, उघाडी उचलली,
गोमाचं कुत्रं, दोन्ही वेशी उचलल्या
आणि तुकड्यांना चोळल्या.

कागद अजून अर्धा कोरा आहे.
तेवढं नाव दुरुस्त केलं.